टाळ कोणाच्या हातात?

श्रोतेहो, आजचा विषय साधा वाटेल. गावातलं किंवा चाळीतलं भजनी मंडळ, त्याचं गाणं, आणि त्या गाण्याला बरंवाईट म्हणायचं तर कशावरून म्हणायचं, एवढाच विषय आहे. मैफलीची समीक्षा करायला आपल्याकडे भाषा आहे. स्वर कसा लागला, रागाची बढत कशी झाली, ताना दाणेदार होत्या का, तबलजीने साथ केली की कुरघोडी केली, हे सांगायला शब्द आहेत आणि ते वापरून वापरून गुळगुळीत झालेले आहेत. पण एकादशीच्या रात्री देवळात तीस-चाळीस माणसं जमली, तीन तास गायली आणि प्रसाद घेऊन घरी गेली, तर त्या गाण्याबद्दल आपण काय बोलतो? ‘छान रंगलं’ म्हणतो. नाहीतर ‘भाव महत्त्वाचा, सूर काय बघायचा’ असं म्हणतो. पहिलं वाक्य काहीच सांगत नाही. दुसरं वाक्य वरवर नम्र आहे, पण त्यात त्या गाण्याचा अपमान आहे. गाणं म्हणून बोलण्यासारखं इथे काही नाही, असं त्यात गृहीत धरलेलं असतं.

आम्ही आज असं मांडणार आहोत, की समूहगायनाला स्वतःचे निकष आहेत आणि ते मैफलीच्या निकषांइतकेच कडक आहेत. ते ओळखले नाहीत तर दोन प्रकारचं नुकसान होतं. एक म्हणजे चांगल्या भजनाला आपण सामान्य मैफल समजतो. दुसरं जास्त गंभीर आहे. मंडळं स्वतःच मैफलीसारखी व्हायला धडपडतात, आणि त्या धडपडीत त्यांच्यापाशी जे होतं ते हातचं जातं.

आधी एक शंका दूर करू. भजनाला लोकसंगीत म्हणावं का? अभंगाला कर्ता असतो, शेवटच्या चरणात त्याची नाममुद्रा असते. मग लोकगीतासारखा तो निनावी कुठे आहे? शंका रास्त आहे. पण शब्द तुकोबांचे असले तरी चाल कोणाची? एकाच अभंगाला गावोगाव वेगळ्या चाली ऐकू येतात, आणि ती चाल कोणी बांधली हे बहुधा कोणाला सांगता येत नाही. एका पिढीच्या गळ्यातून ती दुसऱ्या पिढीच्या गळ्यात जाते, जाताना थोडी झिजते, थोडी बदलते. शब्दांना धनी आहे, चालीला नाही. आणि मंडळ जे सांभाळतं ते मुख्यतः चाल असते, कारण शब्द गाथेत छापलेले आहेतच. एवढ्या अर्थाने आपण त्याला लोकसंगीत म्हणू आणि पुढे जाऊ.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते नीट पाहू. वारकरी पद्धतीच्या भजनात वीणा मध्यभागी असते. ती गळ्यात घेणारा तो विणेकरी. जवळ पखवाज. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत. सुरुवात रामकृष्णहरीच्या गजराने होते, मग रूपाचे अभंग, पुढे प्रसंगाला धरून अभंग आणि गौळणी, शेवटी आरती. चाल म्हणणारा ध्रुवपद एकदा म्हणतो, सगळे ते उचलतात. चरण तो म्हणतो, ध्रुवपदावर सगळे परत येतात. लय सावकाश सुरू होते, हळूहळू चढते, आणि एका टप्प्यावर शब्द मागे पडून नुसतं नाम उरतं.

बाहेरून बघणाऱ्याला यातली पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. एकच ओळ दहा वेळा कशाला? पण त्या दहा वेळांत काय होतं बघा. पहिल्या वेळी नवखा माणूस ऐकतो. दुसऱ्या वेळी ओठ हलवतो. तिसऱ्या वेळी शब्द चुकवत म्हणतो, पाचव्या वेळी बरोबर म्हणतो, आणि सातव्या वेळी शेजाऱ्याकडे न बघता म्हणतो. वर्ग नाही, फी नाही, परीक्षा नाही. पुनरुक्ती हीच तिथली शिकवणी आहे. मैफलीच्या मापाने जो दोष ठरेल, तो इथे गाण्याचा कणा आहे.

आल्फ्रेड शुट्झ नावाच्या तत्त्वज्ञाने 1951 साली एकत्र संगीत करण्याविषयी एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की एकत्र वाजवणारी माणसं घड्याळातल्या वेळेपेक्षा वेगळी अशी एक आतली वेळ वाटून घेतात, एकमेकांचे चेहरे, हात, श्वास बघत बघत एकमेकांशी जुळवून घेतात. मंडळी थोडी असतील तर हे नुसत्या नजरेने होतं, जास्त झाली की त्यांना संचालक लागतो. आता आपल्या दिंडीकडे बघा. शे-दोनशे माणसं चालताना गातात, संचालक कोणी नाही. टाळ ते काम करतो. जाड काशाचा टाळ गळ्यात दोरीने अडकवलेला असतो. तो वाजवणाऱ्याला लय ऐकू येते आणि हातात जाणवतेही. पाऊल, हात आणि गळा एका मापात आले की बेसूर माणूससुद्धा बेताल राहत नाही. ज्याला गाता येत नाही त्यालाही टाळ धरता येतो. समूहगायनात शिरायचं हे सर्वांत खालचं दार आहे, आणि ते मुद्दाम खाली ठेवलेलं आहे.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे काकडा. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावागावांतल्या देवळांत पहाटे काकड आरती होते. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी असा ठरलेला क्रम असतो. थंडीत, अंधारात, उठून आंघोळ करून जी दहा-पंधरा माणसं येतात ती सगळी गाणारी. काकड्याला श्रोता नसतो. कोणी नुसतं ऐकायला म्हणून पहाटे पाचला देवळात येत नाही. तिथे टाळ्या नाहीत, ‘वाहवा’ नाही, हारतुरे नाहीत. तरीही गाणं चांगलं झालं की वाईट झालं हे प्रत्येकाला कळतं, आणि परतताना त्यावर बोललंही जातं. ‘आज लय पळाली.’ ‘आज कोणी ध्रुवपद उचलेना.’ ही समीक्षाच आहे. फक्त ती करणारा आणि गाणारा एकच आहे.

याच्या शेजारी आता संतवाणीची मैफल ठेवून बघू. पंडित भीमसेन जोशींनी अभंग रंगमंचावर नेले आणि महाराष्ट्रभर सभागृहं भरली. राम फाटकांच्या चाली, श्रीनिवास खळ्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेले तुकोबांचे अभंग, कुमार गंधर्वांनी आपल्या दृष्टीने मांडलेले तुकाराम, ही सगळी आपल्या संगीतातली मोठी कामं आहेत. त्यांना कमी लेखायचा आमचा हेतू नाही. भीमसेनजींच्या आवाजात अभंग ऐकून ज्यांचे डोळे भरून आले ते खोटे रडले नाहीत. पण तिथे काय घडलं ते ओळखलं पाहिजे. अभंग गायकाचा झाला, आणि समूह श्रोता झाला. ध्रुवपद परत आलं की ते गायकाच्या गळ्यात परत येतं, प्रत्येक वेळी नवा आलाप, नवी तान घेऊन. त्या ओळीत आपल्याला शिरायला वाव नसतो आणि शिरायची इच्छाही होत नाही. शिरलो तर शेजारचा रागावेल, आणि त्याचं बरोबर असेल.

संगीतात ‘जागा’ हा शब्द आपण वापरतो. गायकाने सुंदर जागा घेतली म्हणतो, म्हणजे चालीत एका ठिकाणी त्याने काहीतरी नेमकं, मन वेधणारं केलं. मैफलीचा गायक जागा घेतो. भजनात चाल म्हणणाऱ्याला जागा सोडावी लागते. समूहगायनाचा पहिला निकष आमच्या मते हा आहे. चरण संपवताना तो ओळ अशी ठेवतो का, की पन्नास माणसांना ती उचलता यावी? शेवटचा स्वर लांबवून दुसऱ्यांच्या वेळेवर अतिक्रमण करतो का? आपला गळा फिरतो म्हणून ध्रुवपदात मुरक्या घालतो का, की ज्या मागच्या रांगेला घेता येत नाहीत? फिरणारा गळा असून ध्रुवपद सरळ ठेवणं, याला मोठा संयम लागतो. अशा माणसाचं कौतुक करायला आपल्याकडे शब्द नाही, कारण त्याने जे केलं ते ऐकू येत नाही. ऐकू येतात ते पन्नास जण.

दुसरा निकष पट्टीचा आणि लयीचा. वारकरी गाणं उंच पट्टीत चालतं. उघड्यावर, पखवाजावरून आणि टाळांच्या आवाजावरून शब्द पोचवायचा तर आवाज वर न्यावाच लागतो. पण उंच पट्टी समूहाला जाचक ठरू शकते. जाणता चालकरी काय करतो? तो चरण वर नेतो, ध्रुवपद मात्र अशा ठिकाणी उतरवतो की म्हातारे खालच्या सप्तकात आणि पोरं वरच्या सप्तकात एकाच वेळी म्हणू शकतील. लयीचंही तसंच. लय चढवायची ती सर्वांत धीम्या माणसाकडे लक्ष ठेवून. लय चढली आणि मागची रांग टाळ खाली ठेवून बघत बसली, तर पुढच्या चार जणांनी कितीही जोर केला तरी ते भजन फसलं असं म्हणायला हवं.

तिसरा निकष समजायला आपण ॲरिस्टॉटलकडे जाऊ. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या पुस्तकात तो विचारतो, की नागरिकांच्या मुलांना संगीत स्वतः करायला शिकवावं, की दुसऱ्यांचं ऐकून आनंद घेतला म्हणजे पुरे? त्याचं उत्तर असं, की ज्यांनी स्वतः कधी केलं नाही त्यांना दुसऱ्याच्या करण्याची पारख होणं कठीण आहे. म्हणून लहानपणी स्वतः गावं-वाजवावं. पण स्पर्धांसाठी जी करामत शिकतात तिच्यापर्यंत जाऊ नये. ॲरिस्टॉटलच्या या म्हणण्यात वर्गाचा अभिमान आहे. पैसे घेऊन वाजवणाऱ्याला तो कमी लेखतो, ते आपण सोडून देऊ. पण मुख्य मुद्दा टिकतो. ज्या समाजात गाणाऱ्यांची संख्या घटते, तिथे काही काळाने जाणकार ऐकणारेही घटतात. मैफलीत जाणता श्रोता येतो तो कुठून? एकेकाळी तो बराचसा अशाच देवळांतून, अशाच मंडळांतून तयार झालेला असे. तेव्हा तिसरा निकष असा, की मंडळ नवे गाणारे तयार करतं का. यंदा जो टाळ धरतो, तो दोन वर्षांनी एखादा चरण म्हणतो का? पाच वर्षांनी चाल सुरू करतो का?

आणि आपल्याकडचे अभिनवगुप्त. रसाच्या चर्चेत त्यांचा सहृदय सर्वांना ठाऊक आहे, पण ‘तंत्रालोका’त एक वेगळाच विचार येतो. देहांच्या वेगळेपणामुळे आक्रसलेली जाणीव मेळाव्यात विस्तारते, माणसं एकमेकांत आरशांसारखी उमटतात, आणि गीत-नृत्य बघणाऱ्या समुदायाला म्हणूनच एकट्यापेक्षा जास्त आनंद होतो, असं ते सांगतात. समूहगायनाचं इतकं नेमकं वर्णन क्वचित सापडेल. पण पुढे ते असंही म्हणतात, की जो तन्मय होत नाही असा एक जरी मध्ये आला तरी तो आनंद खंडित होतो, म्हणून अशाला दूर ठेवावं. इथे भजनी मंडळाने वेगळी वाट काढली आहे. कोपऱ्यात कोरडा बसलेला माणूस दिसला की मंडळ त्याला बाहेर काढत नाही. त्याच्या हातात टाळ देतं. आम्हाला हा तत्त्वज्ञानातला फार मोलाचा फरक वाटतो. तन्मयता ही आत येण्याची अट असावी, की आत आल्यावर हळूहळू मिळणारी गोष्ट असावी?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही, हे लक्षात यावं म्हणून थोडं लांब जाऊ. ब्रिटनमध्ये 1950 आणि 60च्या दशकांत ‘फोक क्लब’ पसरले. पबच्या वरच्या मजल्यावरची खोली, आठवड्यातली एक रात्र, दाराशी थोडी वर्गणी, आणि बहुधा माइक नाही. आधी आलेल्यांपैकीच कोणीतरी उठून एक-दोन गाणी म्हणायचं, त्याला ते ‘फ्लोअर सिंगर’ म्हणतात. मग निमंत्रित गायक. ध्रुवपद आलं की सगळी खोली गाणार. लंडनमध्ये यूअन मॅकॉल आणि पेगी सीगर यांच्या ‘सिंगर्स क्लब’मध्ये तर नियमच होता, की गाणाऱ्याने आपल्या भाषेतली, आपल्या परंपरेतली गाणी गावीत, अमेरिकेची नक्कल करू नये. त्या नियमावर पुष्कळ टीका झाली. कोणाची परंपरा कोणती हे ठरवणारे तुम्ही कोण, असं विचारलं गेलं, आणि ते विचारणं योग्यच होतं. तरी त्या खोलीची रचना आपल्या उपयोगाची आहे. ध्रुवपद धरणारा, उठून एक गाणं म्हणणारा आणि नाव कमावलेला गायक, अशी तीन पायऱ्यांची शिडी एकाच खोलीत सगळ्यांना दिसते. टाळ, चरण, चाल ही आपली शिडीही तशीच आहे. शिडी दिसली की चढावंसं वाटतं.

आता स्पर्धांकडे येऊ, कारण मंडळांचं आजचं बरंचसं आयुष्य स्पर्धांभोवती फिरतं. गोव्यात कला अकादमी मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मरणार्थ भजन स्पर्धा घेते. महाराष्ट्रात तर गावोगाव स्पर्धा असतात. कोकणात डबलबारी आहे. दोन बुवा आमनेसामने, प्रत्येकाची पेटी, पखवाज, झांज, मागे कोरस. एकाने बारी करायची, दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचं. गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांनी हे मुंबईत आणलं, आणि परळ-लालबागच्या भागात तिकीट काढून डबलबारी ऐकायला गर्दी होऊ लागली. डबलबारीत हजरजबाबीपणा लागतो, पाठांतर लागतं, पुराणातल्या कथा तोंडावर असाव्या लागतात. तो कमअस्सल प्रकार आहे असं म्हणणाऱ्यांनी एक पूर्ण रात्र तिथे बसून बघावं.

पण स्पर्धेचा परिणाम कुठे होतो ते पाहू. परीक्षकाला गुण द्यायचे असतात. जे मोजता येतं त्याला गुण मिळतात: स्वर, ताल, पाठांतर, वेषभूषा, वेळ पाळणं. ‘मागच्या रांगेला शिरता आलं का’ याला गुण देता येत नाहीत, कारण स्पर्धेत मागच्या रांगेत नवखा कोणी नसतोच. निवडून, तालीम करून आणलेले पंधरा जण असतात. ज्याचा सूर हलतो त्याला ‘या वेळी तू थांब’ असं सांगितलं जातं. मंडळाचं गाणं सुधारतं, हे खरं. मंडळ लहान होतं, हेही तितकंच खरं. स्पर्धा बंद करा असं आम्ही म्हणत नाही. स्पर्धेचा संच म्हणजे मंडळ नव्हे, एवढं मंडळाने ध्यानात ठेवावं. स्पर्धेनंतरच्या एकादशीला थांबवलेला माणूस परत टाळ धरून उभा आहे ना, हे बघावं.

माइकचंही तसंच आहे. माइक आला तेव्हा तो बुवांसमोर ठेवला गेला. साहजिक होतं. पण त्यामुळे समूहाचा आवाज स्वतःलाच ऐकू येईनासा झाला. आपण गातो आहोत की नाही याने काही फरक पडत नाही असं वाटू लागलं, की माणूस हळूहळू गायचा थांबतो. कोणी त्याला थांबवलेलं नसतं. आणि पुढची पायरी म्हणजे पहाटे देवळाच्या कर्ण्यावर लावलेला ध्वनिमुद्रित काकडा. गाणं उत्तम, गायक नामवंत, आणि देवळात पुजाऱ्याशिवाय कोणी नाही. गाव ते गाणं अंथरुणात ऐकतं. मैफलीच्या निकषाने हा काकडा पूर्वीच्या काकड्यापेक्षा पुष्कळ सरस ठरेल. आपल्या निकषाने तो झालाच नाही.

गाणं प्रसंगावर जगतं. हे समजायचं असेल तर जात्यावरच्या ओव्या आठवा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो साठा अपार आहे. पण गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि दोघींनी समोरासमोर बसून एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ती धरायची, हा प्रसंगच उरला नाही. ओव्या जतन झाल्या, ओवी गाणं सरलं. इथे दोष कोणाचा नाही. दळणाचा जीवघेणा त्रास वाचला म्हणून बायकांनी गिरणीचं स्वागत केलं, ते योग्यच होतं. भजनाचा प्रसंग मात्र अजून हयात आहे. एकादशी येते, सप्ताह बसतात. तिथे गाणं संपलं तर ते आपण संपवलं म्हणूनच संपेल.

इथपर्यंत आम्ही समूहगायनाची बाजू घेतली. आता त्याच्याविरुद्धचं सर्वांत जड म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. एकत्र गाण्याने माणसं एक होतात, असं आपण फार सहज म्हणतो. इतिहास काय सांगतो? चौदाव्या शतकातल्या चोखोबांचे अभंग सगळ्यांनी गायले, आणि त्यांची समाधी देवळाबाहेर, महाद्वाराशी. त्यांच्या समाजाला पंढरपूरच्या देवळात प्रवेश मिळायला 1947 साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’मध्ये त्यांनी लिहून ठेवलं, की वाटेवर एकत्र गाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत होती. म्हणजे शेकडो वर्षं एका सुरात गाऊनही पंगत एक झाली नाही. बायकांचं काय? ओव्या, भोंडला, मंगळागौर ही त्यांची गाणी घराच्या कक्षेत. देवळातल्या भजनात त्या बहुतेक मागे बसून ऐकणाऱ्या. महिला भजनी मंडळं आज गावोगाव उभी आहेत, आणि त्यांना माजघरातून रंगमंचावर आणण्यात ज्या स्पर्धांवर आम्ही आत्ता टीका केली त्यांचा वाटा आहे. हेही स्पर्धेच्या खात्यावर जमा करायला हवं.

मग आमचा निकष कोसळतो का? आम्हाला वाटतं, उलट तो धारदार होतो. ‘टाळ कोणाच्या हातात दिला जातो’ हा प्रश्न नुसता संगीताचा नाही, हे या इतिहासावरून कळतं. वीणा कोण घेऊ शकतं, चाल कोण सुरू करू शकतं, कोणाला वर्षानुवर्षं कोरसमध्येच ठेवलं जातं, हे सगळं गाण्याच्या समीक्षेत यायला हवं. एखाद्या मंडळाचं गाणं सुरेल आहे, पण त्याच आळीतली काही घरं तिथे कधी पाऊल ठेवत नाहीत, तर त्या गाण्यात एक आवाज कमी आहे. समीक्षकाचा कान तयार असेल तर तो कमी असलेला आवाजही त्याने ऐकला पाहिजे. समूहगान समता आणत नाही. त्यात समतेची एक तालीम असते, आणि तालमीनंतर प्रयोग करायचा की नाही हे माणसांवर राहतं.

या तालमीचा एक सुंदर नमुना वारीतच आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, आणि समाज आरतीआधी चोपदार दंड वर करतात. क्षणात सगळे टाळ-मृदंग थांबतात. हजारो माणसं शांत. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढी एक दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, ती ऐकली गेल्यावर तिचे टाळ थांबतात, आणि मगच आरती होते. बघा, इथे समूहाला दोन गोष्टी येतात. एकत्र वाजवता येतं, आणि एकत्र थांबता येतं. थांबल्यामुळेच एकाचा टाळ ऐकू येतो. ज्या समूहाला थांबता येत नाही तो नुसता गोंगाट करतो, मग तो कितीही तालात असो.

तेव्हा श्रोतेहो, यापुढे एखाद्या भजनाला, सप्ताहाला, चाळीतल्या गणपतीपुढच्या आरत्यांनासुद्धा तुम्ही गेलात, तर चार गोष्टी बघा. चाल म्हणणारा जागा सोडतो का? मागच्या रांगेला पोचेल अशी लय आणि पट्टी आहे का? गेल्या वर्षी टाळ धरणारा यंदा चरण म्हणतो आहे का? आणि इथे कोण आलेलं नाही, ते का आलेलं नाही? या चारांची उत्तरं मिळाली की सूर-तालाबद्दलही मोकळेपणाने बोला. ‘भाव महत्त्वाचा’ म्हणून बेसूर गाण्याला पाठीशी घालू नका. गाणारी माणसं आपापसांत तसं बोलतातच, काकड्याहून परतताना बोलतात.

आणि जाणत्या श्रोत्यांना एक विनंती. मैफलींना तुम्ही जाता, जायलाच हवं. पण वर्षातून चार-दोन वेळा अशा ठिकाणीही जा जिथे तुमच्या ऐकण्याला काही किंमत नाही आणि तुमच्या गळ्याची गरज आहे. कोणी टाळ पुढे केला तर ‘मला येत नाही’ म्हणून मागे सरू नका. तो त्याचसाठी पुढे केलेला असतो. आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.